मायन्यातला पुरुष

मराठीत नवऱ्यासाठी जे आदरार्थी शब्द आहेत, त्यांतले पुष्कळसे मालमत्तेच्या दप्तरातून आलेले आहेत. मालक, धनी, कारभारी, यजमान. या चारांपैकी कोणताही शब्द घ्या. त्याचा एक अर्थ वस्तू ज्याची आहे किंवा कारभार ज्याच्या हाती आहे तो, आणि दुसरा अर्थ अमक्या बाईचा नवरा. उलट दिशेने मात्र ही वाट जवळजवळ बंद आहे. मालकीण म्हणजे बहुधा मालकाची बायको. कारभारीण म्हणजे कारभाऱ्याची बायको. पाटलीणबाई गावचा वसूल पाहत नव्हत्या, त्या पाटलांच्या वाड्यात राहत होत्या. डॉक्टरीणबाई म्हटल्यावर दवाखान्यात बसणारी की दवाखान्याच्या माडीवर राहणारी, हे अजूनही विचारून घ्यावे लागते.

हे शब्द आम्ही कोशातली गंमत म्हणून पुढे मांडलेले नाहीत. व्यापारी पत्राच्या वर डोळे मिटून ‘श्री.’ टाकणारा कारकून, फोनवर बाईचा आवाज ऐकताच ‘साहेबांना द्या’ म्हणणारा विक्रेता आणि दुकानात आलेल्या बाईला ‘मालक नाही आले?’ असे विचारणारा दुकानदार हे तिघे याच शब्दांच्या छायेत वाढलेले आहेत. समोरच्या व्यक्तीचे लिंग गृहीत धरू नये, हा विषय निघाला की आपल्याकडे त्याची बोळवण शिष्टाचार म्हणून केली जाते. जणू काटा डाव्या हातात धरावा की उजव्या, तशातलाच हा एक प्रश्न. आमचे म्हणणे असे की हा शिष्टाचाराचा प्रश्नच नव्हे. व्यवहारात समोर पुरुष आहे असे गृहीत धरणे म्हणजे वस्तू कोणाची, सही कोणाची आणि जबाब कोणी द्यायचा, हे विचारण्याआधीच ठरवून टाकणे होय.

हे कोठे पाहावे, तर मेढ्यात पाहावे. वेण्णेच्या काठचे हे गाव जावळी तालुक्याचे मुख्यालय. जावळी म्हटले की इतिहासप्रेमी वाचकाला चंद्रराव मोरे आणि १६५६ एवढेच आठवते. त्यानंतरच्या जावळीत काय घडले याची चौकशी फारशी होत नाही. त्यानंतरच्या, म्हणजे अगदी अलीकडच्या शे-सव्वाशे वर्षांच्या जावळीत घडले ते असे, की पुरुष मुंबईला गेले. गिरणीत गेले, गोदीत गेले, पुढे बाजार समितीत पाठीवर पोती वाहू लागले. माथाडी कामगारांचा १९६९चा कायदा ज्यांच्या पाठीच्या कण्यावर उभा राहिला, त्यांत जावळी-पाटणच्या डोंगरी भागातले लोक मोठ्या संख्येने होते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, सातारा जिल्ह्यात ९८८. या फरकामागे मुलींबद्दलचे प्रेम किती आणि मुंबईची गाडी किती, हे वाचकाने ठरवावे. आमचा कौल गाडीकडे आहे.

अशा मुलखात शेत कोण पाहते? भाताची लावणी, जनावराचे दूध, सोसायटीचा हप्ता, बी-बियाण्यांची खरेदी, पोराची फी, वीजबिलाची तक्रार हे सारे बाई पाहते. पुरुष गणपतीला येतो, यात्रेला येतो आणि मतदानाला येतो. मेढ्याच्या बाजारपेठेत सकाळी खताच्या दुकानाच्या पायरीवर जी गर्दी असते तीत बायका कमी नसतात. आणि तरीही पावतीच्या पुस्तकात, जाहिरातीच्या पत्रकात, कंपनीच्या मेळाव्याच्या निमंत्रणात ‘शेतकरी बंधूंनो’ हीच हाक असते. बंधू वाशीला आहेत. हाक ऐकायला बहीण उभी आहे, आणि ती तिच्यासाठी नाही.

आमच्या परिचयातील एक बाई मेढ्यापासून थोड्या अंतरावर रोपवाटिका चालवतात. त्यांचे नाव मुलीचेही असते आणि मुलाचेही. घाऊक माल पुरवणाऱ्या एका पेढीने तीन वर्षे त्यांना ‘श्री.’ म्हणून बिले पाठवली. बाईंनी मनावर घेतले नाही. माल वेळेवर येत होता, पैसे वेळेवर जात होते. मग एका पावसाळ्यात हप्ता थकला. पेढीच्या वसुली खात्याने फोन केला, बाईचा आवाज ऐकला आणि ‘मालकांचा नंबर द्या’ म्हटले. ‘मीच मालक’ हे उत्तर त्यांनी ऐकले, पण त्यांच्या कानांना त्याचा अर्थ लागला नाही. कोठून तरी त्यांनी मुंबईतल्या नवऱ्याचा नंबर मिळवला आणि ज्याला रोपवाटिकेच्या उधारीचा आकडा ठाऊक नव्हता त्या माणसाला, त्याच्या कामाच्या जागी, चार लोकांसमोर थकबाकीदार ठरवले. त्या रात्री त्या घरात जे झाले त्याचा तपशील देण्याचा आम्हांला अधिकार नाही. एवढे सांगतो, की पुढले वर्षभर रोपवाटिकेच्या प्रत्येक खरेदीला मुंबईहून परवानगी येऊ लागली. व्यवसाय बाईंनी उभा केला होता; एका फोनने त्याला मालक नेमून दिला. बाईंनी पेढीला पत्र लिहून नाव दुरुस्त करायला सांगितले तेव्हा उत्तर आले, की सिस्टिममध्ये एकदा पडलेले संबोधन बदलता येत नाही.

आता व्यवहारी माणसाचा आक्षेप. तो दुबळा नाही, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. व्यवहारी माणूस म्हणतो : अहो, नाव बाईचे असले तरी कारभार पुरुषाचाच असतो. २०२१पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतले की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून नाव तिचे. राखीव जागा आहे, म्हणून सरपंच ती. कचेरीत बसतात ते सरपंचपती. मग खऱ्या कारभाऱ्याची चौकशी करणे यात अपमान कसला? हा तर वास्तववाद आहे.

हे वास्तव आम्ही नाकारत नाही. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३मध्ये अमलात आली, महाराष्ट्राने २०११मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला, आणि सरपंचपती नावाचे बिनघटनात्मक पद तरीही शाबूत राहिले. पण हे पद टिकवले कोणी? नुसत्या नवऱ्याने नव्हे. ग्रामसेवकाने कागद नवऱ्यापुढे ठेवला, ठेकेदाराने नवऱ्याला चहा पाजला, पत्रकाराने नवऱ्याला प्रश्न विचारला. सरपंचबाईंना बाजूला सारण्याचे काम गावाबाहेरून आलेल्या शंभर सभ्य माणसांनी केले, आणि प्रत्येकाने ते वास्तववाद म्हणून केले. ‘मालक कुठे आहेत?’ हा प्रश्न वास्तवाचे वर्णन करत नाही. तो दर वेळी थोडीथोडी मालकी एका हातातून काढून दुसऱ्या हातात देतो. सातबाऱ्यावर जुन्या काळापासून पडलेली ‘ए.कु.मॅ.’ ही नोंद आठवा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा मॅनेजर बहुधा थोरला भाऊ, आणि त्या तीन अक्षरांआड किती बहिणींचे हक्क गडप झाले याचा हिशेब कोणत्याही तलाठ्याने दिलेला नाही. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रिया निघाल्या. शेतात राबणाऱ्यांत त्या किती आहेत हे सांगायला गणनेची गरज नाही, बांधावर उभे राहिले तरी पुरे.

उलट उदाहरण याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माण तालुक्यात आहे. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले तेव्हा सभासद निरक्षर आहेत, अंगठे उठवतात, या कारणाने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत केला. चेतना सिन्हा आणि त्यांच्या सहकारी बायका अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या, आणि १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. तिच्या काउंटरवर ‘मालक नाही आले?’ हा प्रश्न ऐकू येण्याचे कारणच उरले नाही. म्हसवडच्या त्या बायकांना कोणी वेगळा आदर दिला नव्हता. खातेदार म्हणून आलेले माणूस हाच खातेदार, एवढे तिथे मान्य झाले.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ, आमच्या पत्रलेखनाची रीत वेगळी, असे म्हणणाऱ्यांनी आपली रीत काय होती ते एकदा पाहावे. आज आपण ज्याला सभ्य व्यापारी पत्र म्हणतो त्यातले ‘प्रिय महोदय’ हे इंग्रजी पत्राच्या पहिल्या ओळीचे शब्दशः भाषांतर आहे. तेच परके आहे. आपल्या जुन्या पत्रांचा प्रारंभ नमस्काराने होतो : सा. न. वि. वि., स. न. वि. वि. साष्टांग नमस्कार, सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. या अक्षरांत ना बाप्या आहे ना बाई. नमस्कार करणारा कोण आणि विनंती काय, एवढेच आहे. गोऱ्या साहेबाच्या कचेरीत समोरचा नेहमी पुरुषच असे, म्हणून महोदय जन्माला आले. साहेब गेला, महोदय राहिले, आणि आता त्यांना आपली परंपरा म्हणून मिरवले जात आहे.

अर्थात परंपरेला आम्ही निर्दोष ठरवत नाही. पेशवाईतल्या मायन्यांत बाईला लिहिताना आधी एक गोष्ट ठरवावी लागे : तिचा नवरा जिवंत आहे की नाही. सुवासिनीला ‘वज्रचुडेमंडित’, विधवेला ‘गंगाजलनिर्मल’. बांगड्या आहेत किंवा नाहीत. पत्र मुलूखगिरीचे असो की सावकारीचे, हातातल्या चुड्याची नोंद वरच्या ओळीत. ही प्रथा संपली असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या टेबलावरचा कोणताही अर्ज काढून पाहावा. पुरुषाला ‘श्री.’ एकच, तो ब्रह्मचारी असो, विधुर असो, तीनदा लग्न केलेला असो. बाईला कु., सौ., श्रीमती. म्हणजे मराठीत व्यापारी पत्र लिहिणाऱ्याला एक नव्हे, दोन अंदाज बांधावे लागतात : समोर बाई आहे का, आणि असल्यास तिच्या कपाळाची स्थिती काय. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची मागणी नोंदवण्यासाठी ही माहिती कशाला लागते, हे आम्हांला कोणी समजावून सांगितलेले नाही. ‘श्रीमती’ हा शब्द सर्व स्त्रियांसाठी सरसकट वापरावा अशी सूचना कोणी केली, की मराठी घरांत त्याला विरोध होतो तो याचमुळे. ‘श्रीमती’ म्हटले की ऐकणारी चपापते. एप्रिल २०२३मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवा या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरावा असा प्रस्ताव पुढे आणला, आणि टीका झाल्यावर निर्णय झालेला नाही असा खुलासा केला. म्हणजे २०२३ सालीही सरकारी बुद्धीला गं. भा. सोडून दुसरी वाट सुचेना. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. मंत्रालयापेक्षा हेरवाड पुढे होते. खेड्यांना मागासलेली म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

तिसरा आक्षेप भाषाप्रेमींचा, आणि तो आम्हांला सर्वांत अधिक खटकतो, कारण तो अज्ञानातून येतो. मराठीत क्रियापदाला लिंग असते, तेव्हा अंदाज बांधल्याविना वाक्यच होत नाही, असे म्हणतात. करून पाहा. ‘आपण माल पाठवलात.’ ‘आपण कळवता.’ ‘आपण कळवाल.’ ‘आपले पत्र मिळाले.’ ‘आपण मागवलेली रोपे तयार आहेत.’ कोठे आहे लिंग? सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते, कर्त्याकडे ढुंकून पाहत नाही. वर्तमान आणि भविष्यकाळात द्वितीय पुरुषी अनेकवचन स्त्री-पुरुष भेद करत नाही. अडचण येते ती ‘आपण आला होतात’ की ‘आल्या होतात’ अशा मोजक्या ठिकाणी, आणि तिथेही ‘आपली भेट झाली’ म्हणून सुटता येते. हिंदीत ‘आप आते हैं’ की ‘आती हैं’ हा पेच पावलोपावली आहे. मराठी पत्रात तो जवळपास नाहीच. समोरच्याशी बोलताना मराठी इतकी निर्लेप आहे, की चूक करायला मुद्दाम मायना लिहावा लागतो.

बोलणाऱ्याच्या बाजूने मात्र मराठी उदार आहे. ‘मी बोलतोय’, ‘मी बोलतेय’ : फोन उचलणारी व्यक्ती पहिल्याच वाक्यात आपण कोण ते सांगून टाकते. ते वाक्य पुरे होऊ द्यावे, एवढीच अपेक्षा. यालाही अपवाद आहे, आणि तो याच पट्ट्यातला : कोल्हापूर-सांगलीकडच्या बोलीत बायकाही ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात. तेव्हा क्रियापदावरूनही शहाणपणा करू नये हे बरे. ज्याच्याकडे काम आहे त्याचे नाव विचारावे, काम सांगावे. पुढे व्यवहाराला आणखी काही लागेलच असे नाही.

नावावरून ओळखू, असे ज्यांना वाटते त्यांना या पानांवर येणाऱ्या वाचकांनी तरी हसावे. गाणाऱ्या माणिक वर्मा आणि ‘ग्रेस’ या नावाने कविता लिहिणारे माणिक गोडघाटे यांचे पाळण्यातले नाव एकच. आपल्या कथाकार कमल देसाई. तमिळ पडद्यावर कमल हासन. यष्टीमागे किरण मोरे. बंगळुरात १९७८ साली बायोकॉन काढून, बाई म्हणून कर्ज द्यायला कचरणाऱ्या बँकांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या किरण मजुमदार. महाराष्ट्रात सुमन म्हटले की सुमन कल्याणपूर, बंगालात सुमन हा बाप्या. आणि जिथे नाव स्वतःच घेतलेले असते तिथे तर विचारूच नका. आरती प्रभू हे चिं. त्र्यं. खानोलकर. १९३३मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर या नावाआड कोण, याचाच शोध पुस्तकाच्या आशयापेक्षा जोराने सुरू झाला. मालतीबाई बेडेकरांना लिहायचे होते ते मोकळेपणी लिहिता यावे म्हणून नाव झाकावे लागले, आणि वाचक झाकण उघडण्याच्या मागे लागला. मराठी साहित्यव्यवहारात आद्याक्षरे हीसुद्धा पुरुषांची मिरास आहे : पु. ल., गो. नी., वि. स., ग. दि. बायका मात्र दुर्गा भागवत, इरावती कर्वे, इंदिरा संत अशा पुऱ्या नावाने उभ्या. म्हणून आज एखाद्या पत्राखाली नुसती दोन आद्याक्षरे आणि आडनाव दिसले की आपण बिनदिक्कत ‘श्री.’ लिहितो.

या सवयीचा फायदा घेतलेली एक बाई इंग्लंडात होऊन गेली. स्टेफनी शर्ली यांनी १९६२मध्ये घरबसल्या संगणकाचे काम करणाऱ्या बायकांची कंपनी काढली. स्टेफनी या सहीने गेलेल्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा नवऱ्याच्या सुचवणीवरून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या, आणि दारे उघडली. काम तेच, किंमत तीच, फक्त सहीतला पुरुष नवा. आपल्याकडे १९७४मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे स्पष्ट छापले होते. सुधा कुलकर्णी यांनी, पुढच्या सुधा मूर्ती यांनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि पुण्यात नोकरी मिळवली. निदान त्या जाहिरातीत जे होते ते छापलेले होते. ‘प्रिय महोदय’ तेच न छापता सांगते.

कायद्याचा आधार घेणारेही भेटतात. १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या तेराव्या कलमानुसार पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, तेव्हा ‘महोदय’मध्ये बाई आहेच, असा हा युक्तिवाद. कलम खरे आहे. पण ते न्यायाधीशाने कायदा कसा वाचावा याचे कलम आहे, वसुली कारकुनाने फोन कसा करावा याचे नव्हे. आमच्या परिचयातल्या त्या बाई तेराव्या कलमानुसार ‘श्री.’मध्ये समाविष्ट होत्याच की. त्या समावेशाने त्यांना काय मिळाले ते वर आलेच आहे.

आणि ज्यांना ‘श्री.’ आणि ‘सौ.’ या दोन पेट्यांपैकी कोणतीच लागू नाही, त्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या नालसा निकालात तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क दिला. २०१८पासून पॅन कार्डाच्या अर्जात त्यासाठी वेगळी चौकट आहे. करखाते, ज्याला कोणीही हळवे म्हणणार नाही, ते हे करू शकले, कारण त्याला कर हवा होता. व्यापाऱ्याला पैसे हवे असतात, असे आम्ही समजत होतो.

पर्याय साधा आहे आणि तो फुकट आहे. वर पूर्ण नाव, त्याआधी काही नाही. पद माहीत असेल तर पद : मा. संचालक, मा. अध्यक्ष, प्रति व्यवस्थापक. मग स. न. वि. वि. आणि कामाचा मजकूर. संबोधन हवेच असेल तर अर्जात ती जागा रिकामी ठेवावी आणि ज्याची त्याला भरू द्यावी. भरली नाही तरी अर्ज पुढे जावा. सध्या ती जागा तांबड्या फुलीने सक्तीची केलेली असते, आणि यादी उघडली की पहिले नाव ‘श्री.’ आपोआप निवडलेले असते. घाईत असलेला माणूस पुढे जातो. ते आपोआप निवडले जाणे बंद करायला संगणकवाल्याला किती वेळ लागेल, असे आम्ही एका जाणकाराला विचारले. ‘चहा येईपर्यंत होईल,’ तो म्हणाला, ‘पण सांगितले पाहिजे ना कोणीतरी.’